वारा यावा, पाऊस न यावा

घराला भिंती असतात त्या आडोशासाठी, आणि भिंतींना खिडक्या असतात त्या वाऱ्या-उजेडासाठी. पावसाची सर आली की आपण धावत जाऊन खिडक्या लावून घेतो आणि सर ओसरली की पुन्हा उघडतो. मोठ्या घरात घटकाभर खिडकी मिटली म्हणून कोणाचे काही अडत नाही. परंतु ज्यांचे घर चाकांवर असते, ज्यांची निजण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची जागा एकच असते, त्यांच्यापुढे पावसाळी रात्री मोठा पेच उभा राहतो. खिडकी उघडी ठेवावी तर पाऊस आत येतो. लावून घ्यावी तर जीव गुदमरतो. हा पेच माझ्या आजोबांनी एका रात्री कसा सोडविला, ती हकिगत मी आज तुम्हाला सांगणार आहे.

आमचे गाव कोरेगाव. सातारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण. गावाजवळून तीळगंगा वाहते आणि जरंडेश्वराचा डोंगर दूरवरूनही नजरेत भरतो. आजोबा सुतारकाम करीत. पुसेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याचे एक छप्पर, पुढे रुंद ओटी आणि सभोवार लाकडांच्या राशी. तरुणपणी त्यांनी बैलगाड्या पुष्कळ बनविल्या होत्या. पुढे गाड्यांची मागणी घटली, तेव्हा ते दारे-खिडक्या करू लागले. शाळा सुटली की मी तेथे जाऊन बसत असे. रंध्याखालून निघणारे लाकडाचे कुरळे छिलके गोळा करणे हा माझा आवडता उद्योग होता. त्या वेळी मी सातवीत होतो.

दसरा होऊन गेला होता. आमच्याकडे श्रावणातला पाऊस शांतपणे पडतो. परतीचा पाऊस मात्र गाजावाजा करीत येतो. दिवसभर उकडते, दुपारनंतर ढग चढतात आणि तिन्हीसांजेला गडगडाट करून तो कोसळू लागतो. त्या दिवशीही तसेच झाले. अंधार पडत असतानाच एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत रस्त्याने आला आणि आमच्या कारखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत थांबला.

ते ऊसतोडणीचे मजूर होते. बीडकडून निघून ते साखर कारखान्याच्या हंगामासाठी आले होते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अशी हजारो कुटुंबे घरदार मागे ठेवून पश्चिम महाराष्ट्रात येतात. मुक्कामाला पोहोचून कोपी उभारीपर्यंत ट्रॉली हेच त्यांचे घर. धान्याची पोती, भांडी, वळकट्या, सरपण, कोंबड्या आणि लहान मुले असा सारा संसार तीत रचलेला असतो. वर बांबूच्या कामठ्या कमानीसारख्या वाकवून त्यांवर सुती ताडपत्री घातलेली असते.

मुकादम ओटीवर येऊन आजोबांना म्हणाला, “बाबा, पाऊस उघडेपर्यंत इथं थांबलो तर चालंल का?”

“थांबा की,” आजोबा म्हणाले. “जागा काय मी डोक्यावर घेऊन जाणार आहे?”

मुकादमाबरोबर आजोबाही कंदील घेऊन ट्रॉल्या पाहावयास गेले. मीही पोते डोक्यावर घेऊन त्यांच्यामागे निघालो. पहिल्या ट्रॉलीत पुरुषमाणसे होती. दुसरीची ताडपत्री चारही बाजूंनी दोरांनी घट्ट आवळलेली होती. आतून एका लहान मुलाच्या रडण्याचा क्षीण आवाज येत होता. आजोबांनी मागचा दोर सोडून ताडपत्री वर उचलली, तोच धुरकट, कोंदट वाफ तोंडावर आली. आत एक बाई तान्ह्या मुलाला पोटाशी धरून बसली होती. तिच्या शेजारी माझ्याच वयाची एक मुलगी भिंतीला टेकून पेंगत होती, आणि मध्यभागी लोखंडी घमेल्यात निखारे फुललेले होते.

आजोबांचा चेहरा एकदम बदलला. “आधी ते घमेलं बाहेर काढा!” ते ओरडले. “बाई, पोराला घेऊन खाली उतर. पोरी, तूही ऊठ!”

बाई गोंधळली. “बाबा, पोराला सर्दी झालीया. ऊब मिळावी म्हणून निखारं ठेवलं. झाकलं तर जीव घुसमटतो, अन् उघडलं तर पोर भिजतं. करावं तरी काय?”

“डोकं दुखतंय का?”

“ठणकतंय. मळमळतंय बी.”

आजोबांनी पुढे काही विचारले नाही. निखारे पावसात ओतले. मायलेकरांना ओटीवर आणून मोकळ्या वाऱ्यात बसविले, अंगावर घोंगडी दिली. अर्ध्या-पाऊण तासाने त्या मुलीची गुंगी उतरली. बाळ दूध पिऊन स्वस्थ झोपले. मगच आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनाही दवाखान्यात नेऊन दाखविण्यात आले.

त्या रात्री केवढा अनर्थ टळला, ते मला पुढे शाळेत गुरुजींनी समजावून दिले. कोंडलेल्या जागेत निखारे किंवा कोळसे धुमसत राहिले, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. श्वासाबरोबर तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावून बसतो. माणसाचे डोके दुखू लागते, मळमळते, झोप येते. आणि त्या झोपेतून माणूस कदाचित पुन्हा उठतही नाही. म्हणून बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत शेगडी कधीही ठेवू नये. थंडी वाजली तर पांघरूण वाढवावे. विस्तव आत आणू नये.

आजोबांनी मुकादमाला सांगितले, “आजची रात्र बायामुलांनी ओटीवर काढावी. पण उद्या काय? परवा काय? अजून चार दिवस हा पाऊस जायचा नाही. त्या ट्रॉलीला खिडकी पाहिजे.”

“खिडकी ठेवली की पाऊस आत येतोय, बाबा,” मुकादम म्हणाला.

“येतो, कारण तुम्ही वारा आणि पाऊस यांना एकच दार ठेवता. दोघांचे स्वभाव निराळे आहेत. वारा वळण घेतो, चढण चढतो, फटीतूनही वाट काढतो. पाणी जड, ते खाली जाणार. तेव्हा वाट अशी ठेवावी, की आत येताना चढावे लागेल. वारा चढून येईल, पाणी खालीच राहील.”

एवढे बोलून त्यांनी बोट ओले करून हवेत धरले. बोटाची जी बाजू गार लागते, त्या बाजूने वारा येतो असे समजावे. वारा पूर्वेकडून येत होता, आणि ट्रॉलीचे मागचे तोंडही नेमके पूर्वेकडेच होते.

“पहिली गोष्ट,” आजोबा म्हणाले, “गाडी फिरवा. पावसाकडे पाठ करून बसलेल्या गुराला कधी पाहिलं नाही का? मुकं जनावरसुद्धा तोंडावर पाऊस घेत नाही.”

ट्रॅक्टर चालविणारा जरा कुरकुरला. पण त्याने गाडी फिरविली. ट्रॉलीचे मागचे तोंड पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला आले. एवढ्यानेच मागून येणारे निम्मे पाणी थांबले.

नंतर आजोबांनी मागच्या बाजूची लोंबती ताडपत्री वर उचलली. घट्ट बांधलेला तो पडदा त्यांनी दोन बांबूंवर तोलून बाहेरच्या बाजूला हातभर काढला आणि त्याला बाहेर उतरता ढाळ दिला. घरापुढे पडवी असते तशी ती इवलीशी पडवी दिसू लागली. तिच्या दोन्ही कडांना गोणपाट लावून त्यांनी गाल बंद केले. आता मागचे तोंड उघडे असूनही वरून पडणारे पाणी दूरवर पडत होते.

परंतु वारा एका वाटेने आत येऊन त्याच वाटेने बाहेर जात नाही. त्याला येण्यास एक आणि जाण्यास एक अशा दोन वाटा लागतात. ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला लोखंडी फाळका होता, आणि ताडपत्री त्यावरून बाहेर उतरून फाळक्याला चिकटली होती. आजोबांनी फाळका आणि ताडपत्री यांच्यामध्ये चार-चार बोटे जाडीचे लाकडी ठोकळे बसविले. त्यामुळे दोहोंमध्ये उभी फट राहिली. ताडपत्रीचा काठ फाळक्याच्या वरच्या कडेपेक्षा वीतभर खाली लोंबत होता. वाऱ्याला आत शिरावयाचे तर खालून वर चढून, फाळक्यावरून वळून आत यावे लागे. वारा तसा आलाही; कंदिलाची ज्योत किंचित हलू लागली. पाण्याच्या थेंबांना मात्र वीतभर चढ चढणे जमेना. ते ताडपत्रीच्या काठावरून टपटप जमिनीवर पडू लागले.

“आता परीक्षा घ्यावयाची,” आजोबा म्हणाले. त्यांनी घरातून जुनी वर्तमानपत्रे आणावयास सांगितली. मी आणि ती मुलगी अशा आम्ही दोघांनी मिळून ट्रॉलीच्या तळावर कागद अंथरले. कोरड्या कागदावर पडलेला एकेक थेंब लगेच दिसतो. त्यावरून पाणी कोठून येते ते कळते.

काही वेळाने पाहतो, तो तीन ठिकाणी कागद भिजलेले!

पहिली जागा मधोमध होती. वर पाहिले, तर ताडपत्रीला झोळ पडून त्यात पाणी साठले होते. सुती ताडपत्री ताणलेली असते तोवर तीवरून पाणी घसरून जाते. तिच्यात पाणी साठले, किंवा आतून तिला हात अथवा सामान टेकले, की त्या जागी ती पाझरू लागते. आजोबांनी मधली कामठी उंच केली आणि टेकलेली पोती बाजूला सरकवली. ती गळती थांबली.

दुसरी जागा मागच्या तोंडाशी होती. पडवीच्या आधारासाठी आजोबांनी तेथे एक आडवी फळी लावली होती. फळीच्या बाहेरच्या कडेवरून पाणी खाली पडावयास हवे होते. परंतु ते कडेला वळसा घालून फळीच्या खालच्या अंगाला चिकटून आत येत होते.

“तांब्यातून दूध फार हळू ओतलं, तर काय होतं?” आजोबांनी मला विचारले.

“धार तांब्याच्या पोटाला चिकटून खाली येते आणि सांडते,” मी म्हणालो.

“मग पाणीही तेच करतं. पाण्याला चिकटायची खोड आहे. त्याला मध्येच खोडा घालायला हवा.”

त्यांनी फळी उतरवली, उलटी केली आणि तिच्या खालच्या अंगाला कडेपासून दोन बोटांवर पटाशीने लांबच लांब खाच पाडली. फळी पुन्हा जागेवर बसविताच गंमत दिसली. पाणी चिकटत-चिकटत खाचेपर्यंत येई. पण पुढे जाण्यास त्याला खाचेत वर चढावे लागे. ते न जमून तेथल्या तेथेच त्याचे थेंब होऊन खाली पडत. घराच्या खिडक्यांवरील छज्जे पाहा. चांगल्या गवंड्याने केलेल्या छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ अशीच एक बारीक रेघ असते. ती शोभेसाठी नसते; ती पाणी तोडण्यासाठी असते.

तिसरी ओल मात्र आजोबांनाही उमगेना. ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात कागदावर एक लांबट डाग उमटला होता. वर ताडपत्री कोरडी, फळी कोरडी. आजोबा कंदील फिरवून पाहत राहिले.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “बाबा, दोराला हात लावून बघा. दोर ओला हाय.”

खरेच होते. पडवीचा एक दोर बाहेरच्या बाभळीला बांधून आत कामठीला आणला होता. बाभळीकडचे टोक उंच होते. पाणी त्या दोरावरून वाट काढीत सरळ आत येत होते.

“मग काय करावं म्हणतेस?” आजोबांनी तिला विचारले.

तिने क्षणभर विचार केला. मग बाहेर जाऊन तिने दोर जरा सैल केला आणि ट्रॉलीच्या अलीकडे त्याला खाली झोळ दिला. त्या झोळाच्या तळाशी तिने चिंधीही बांधली. दोरावरून आलेले पाणी झोळाच्या सर्वांत खालच्या ठिकाणी थांबले, चिंधीवरून ठिबकले आणि जमिनीवर पडले. ट्रॉलीकडे जाणारा पुढचा दोर चढणीचा होता. पाणी तिकडे गेले नाही.

आजोबा मोठ्याने हसले. “शाब्बास! पाणी चढत नाही, हे तू माझ्याआधी वापरलंस. कितवीत आहेस?”

“सहावीत हाय,” ती म्हणाली; मग खाली पाहून पुढे म्हणाली, “पट्टा पडला की जाते शाळंत. तवर तोडीवर आईसंगं.”

आजोबा काही बोलले नाहीत. अंथरलेल्या वर्तमानपत्रातील एक कोरडे पान ती मुलगी कंदिलाजवळ धरून वाचीत बसली होती, ते मला अजूनही आठवते. त्या कागदांनी पाणी शोधण्याचे काम केले होते. पण तिला ते वाचावयाचे होते. मी घरी धावत गेलो आणि माझे जुने वाचनाचे पुस्तक आणून तिला दिले. “माझं वाचून झालंय,” असे मी म्हणालो. ते खरे नव्हते; परंतु तसे म्हणावे असे मला वाटले.

पहाटे पाऊस कमी झाला, तरी भुरभुर चालूच होती. दवाखान्यातून मायलेकरे परतल्यावर ट्रॅक्टर निघावयाच्या बेतात होता. आजोबांनी मुकादमाला शेवटची सूचना दिली. “गाडी उभी असताना पडवी पूर्ण उघडा. चालताना ती अर्धी खाली सोडा. चालत्या गाडीच्या मागे वाऱ्याचा भोवरा होतो. चाकांनी उडवलेलं पाणी आणि चिखल तो उलटा आत ओढतो. पुढची फट मात्र बुजवू नका. आणि विस्तव आत न्यायचा नाही!”

ट्रॅक्टर निघून गेला. त्याच दिवशी शाळेत मी गुरुजींना सारी हकिगत सांगितली. गुरुजींनी फळ्यावर एक आकृती काढली. ते म्हणाले, “दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटर वेगाने चालला, तर तो सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर पुढे जातो. वारा मुळीच नसला आणि पाऊस अगदी सरळ पडत असला, तरी ट्रॉलीत बसलेल्याला तो समोरून तिरपा येताना दिसेल. मोटार ताशी 60 किलोमीटर वेगाने चालली, तर पाऊस जवळजवळ आडवाच येतो असे वाटेल. पावसात छत्री घेऊन धावणारा मुलगा छत्री पुढे का झुकवतो, ते आता सांगा पाहू.” आम्हा सर्वांना उत्तर सुचले होते.

त्या दिवसापासून खिडकी पाहण्याची मला नवी दृष्टी आली. पुणे-मिरज लोहमार्गावर कोरेगावचे स्थानक आहे. तेथे गाडी थांबली की मी डब्यांच्या खिडक्या निरखून पाहत असे. साध्या डब्याच्या खिडकीला दोन झडपा असतात, एक काचेची आणि एक झिलमिलीची. झिलमिलीच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूस खाली उतरत्या असतात, आणि प्रत्येक पट्टीची कड खालच्या पट्टीवर आलेली असते. वारा पट्ट्यांमधून चढून आत येतो. पाणी पट्टीवरून घसरून बाहेर पडते. आजोबांनी फाळक्याशी जी एक फट ठेवली होती, तशाच अनेक फटी एकीवर एक रचल्या, की झिलमिली होते!

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथील लोक पूर्वीपासून पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधीत आले आहेत. गवताच्या काड्या खाली उतरत्या असतात. थेंब काडीवरून काडीवर घसरत भिंतीपासून दूर जमिनीवर उतरतो. डोंगरात भातलावणी करणारी माणसे पाठीवर इरले घेतात. इरले डोक्यावरून पाठीमागे कमरेपर्यंत उतरते. पुढची बाजू उघडी असते, म्हणून हात मोकळे राहतात आणि वाराही लागतो. वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ पावसाकडे असते, हे ज्याने इरले प्रथम विणले त्याने नीट पाहिले होते. इरले, ताटी, झिलमिली आणि ट्रॉलीची पडवी या चार वस्तू दिसण्यात निराळ्या; परंतु त्यांच्यामागचा विचार एकच आहे.

आता चाकांवरच्या घरांचे नवे प्रकार आले आहेत. हौसेने प्रवास करणाऱ्यांसाठी निजण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारी निघाल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने 2021 साली अशा कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. त्या मोटारींच्या खिडक्यांची तावदाने पुष्कळदा वरच्या कडेला बिजागरी लावून खालून बाहेर उघडणारी असतात. उघडे तावदानच खिडकीवर छपरासारखे उभे राहते, वारा त्याखालून आत जातो आणि पाऊस त्यावरून ओघळून जातो. हौशी प्रवाशाला ही सोय मोटारीबरोबरच मिळते. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला मात्र ती ताडपत्री, बांबू आणि दोर यांतून स्वतःच उभी करावी लागते. दोघांच्या डोक्यावर पडणारा पाऊस एकच असतो.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर मी रोज शाळा सुटल्यावर रस्त्याकडे पाहत असे. एके दिवशी संध्याकाळी ट्रॉल्यांची एक रांग पुसेगावकडून आली. थांबली नाही; मुक्काम पुढे होता. पण मला पाहावयाचे होते ते दिसले. एकीला नव्हे, तीन ट्रॉल्यांना मागच्या बाजूला इवल्याशा पडव्या होत्या. प्रत्येकीच्या दोराला ट्रॉलीच्या अलीकडे खाली झोळ होता आणि त्या झोळाच्या तळाशी चिंधी बांधलेली होती.

मी धावत जाऊन आजोबांना सांगितले. त्यांनी रंधा थांबविला, रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, “फळीतली खाच माझी, पण चिंधी त्या पोरीची. पुढे गेली ती चिंधीच!”

शब्दार्थ

कोपी – उसाचे पाचट, बांबू वगैरेंची तात्पुरती झोपडी
कामठी – बांबूची चिरून काढलेली लवचीक पट्टी
फाळका – ट्रॉलीची उघडझाप करता येणारी बाजूची भिंत
ढाळ – उतार
पटाशी – लाकूड तासण्याचे व खाच पाडण्याचे सुताराचे हत्यार
झिलमिली – तिरप्या पट्ट्यांची झडप
ताटी – गवत, झावळ्या इत्यादींचा पडदा
पट्टा पडणे – साखर कारखान्याचा हंगाम संपणे

स्वाध्याय

1. ट्रॉलीतील बाईपुढे कोणता पेच पडला होता? तो तिच्याच शब्दांत सांगा.
2. बंद जागेत निखारे ठेवणे धोक्याचे का असते?
3. “दोघांचे स्वभाव निराळे आहेत,” असे आजोबा कोणाविषयी म्हणाले? ते स्वभाव कोणते?
4. कागद अंथरून केलेल्या परीक्षेत कोणत्या तीन जागा भिजलेल्या आढळल्या? प्रत्येक ठिकाणी कोणता उपाय केला?
5. “ते खरे नव्हते, परंतु तसे म्हणावे असे मला वाटले.” लेखकाला तसे का वाटले असावे?
6. आजोबांच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
7. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : जागा बळकावणे, खोडा घालणे, सुटकेचा निःश्वास टाकणे, वळसा घालणे.
8. उपक्रम : पुठ्ठ्याच्या खोक्याला एक उघडी खिडकी ठेवा. आत कोरडा कागद अंथरा. झारीने तिरपे पाणी घालून कागद कोठे भिजतो ते पाहा. नंतर खिडकीवर बाहेर उतरती पट्टी लावून हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे निरीक्षण वहीत लिहा.